‘राणी गेली’ म्हणण्याआधी शेजारच्या पेटीतील एक फ्रेम

प्रति,
मा. संपादक,

विषय : पावसाळ्यात राणीविना राहिलेल्या मधपेटीची पारख आणि एकेकट्या पेटीचे वाटप

महोदय,

मधपेट्यांच्या वाटपाच्या बातम्या आपल्या दैनिकाच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या पानांवर छायाचित्रांसह येत असतात आणि त्या वाचून समाधान वाटते, कारण नारळ, काजू, कोकम आणि वेलभाज्यांच्या या पट्टीत मधमाशी जितकी वाढेल तितकी हवीच आहे. मात्र याच पेट्यांचे दसऱ्यापर्यंत काय होते, याची बातमी सहसा येत नाही. मालवण तालुक्यातील आमच्या परिसरात सातेरी, म्हणजे आपल्या देशी, माश्या पाळणारे जे लोक मला भेटतात, त्यांच्यातील पुष्कळांच्या पडवीत किंवा परसात भाद्रपदापर्यंत रिकामी पेटी उरलेली असते आणि कारण विचारले की उत्तर ठरलेले असते : ‘राणी गेली.’ या एका उत्तराबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे राणी खरोखर गेलेली असते त्याहून कितीतरी अधिक वेळा ती गेली असे नुसते ठरवले जाते, आणि त्या समजुतीपायी घाईने जे उपाय केले जातात त्यांनीच तगू शकणारी वसाहत मोडते.

पेटीचे झाकण काढले, फ्रेमा (पोळे धरणाऱ्या लाकडी चौकटी) वर करून पाहिल्या, राणी दिसली नाही आणि अंडीही दिसली नाहीत, एवढ्यावर निकाल दिला जातो. कोकणातल्या पावसाळ्यात हा निकाल घाईचा आहे. मृग लागल्यापासून पाऊस धरून बसला की माश्यांना सलग उडायला मिळत नाही. माडाच्या पोयीतून परागाचा थोडाफार आधार बारमाही असतो, परंतु मकरंद देणारा आंबा-काजूचा मोहोर, जांभूळ, करंज हे सगळे मागे पडलेले असते. त्यातच अनेक जण मे महिन्यात पेटीतला मध निपटून काढतात, आणि ज्या काळात माश्यांना स्वतःच्या साठ्यावर जगायचे असते त्याच काळात साठा नसतो. अशा टंचाईत कामकरी माश्या राणीला खाऊ घालणे आवरते घेतात, तिचे पोट बारीक होते आणि ती अंडी घालणे कमी करते किंवा काही दिवस थांबवतेसुद्धा. बारीक झालेली सातेरी राणी मुळातच बुजरी असते. उजेड पडताच ती फ्रेमेच्या पलीकडच्या बाजूला नाहीतर पेटीच्या भिंतीवर पळते आणि सरावलेल्या डोळ्यालाही चकवते. म्हणजे राणी आहे, पण ती दिसत नाही आणि तिचे कामही दिसत नाही.

दुसरी शक्यता कुमारी राणीची. वसाहत फुटून जुनी राणी थव्याबरोबर निघून गेली असेल, किंवा म्हातारी राणी बदलण्यासाठी माश्यांनी नवी वाढवली असेल, तर मध्ये बराच काळ अंड्यांविना जातो. कोवळ्या अळीपासून राणी घडवायला घेतल्यास ती बाहेर पडायला साधारण ११-१२ दिवस लागतात, पुढे अंगात बळ येऊन ती मीलनासाठी उडेपर्यंत आणखी ४-६ दिवस जातात आणि परत आल्यावर अंडी घालायला सुरुवात होईपर्यंत पुन्हा दोन-चार दिवस. हा हिशेब उघडीप असतानाचा आहे. झडी लागली की कुमारी राणी पेटीतच अडकते आणि महिना उलटला तरी पोळ्यात अंडे दिसत नाही. ती गर्भार राणीपेक्षा आकाराने लहान आणि चपळ असते. कामकरी माश्यांच्या गर्दीत ती सापडणे हा निव्वळ योग म्हणावा लागेल.

तिसरी शक्यता सातेरीच्या स्वभावातली आहे आणि ती सर्वांत कमी ओळखली जाते. उपासमार, मेणकिडीचा उपद्रव, मुंग्या, पागोळ्यांचे पाणी, वारंवार पेटी उघडणे अशा कोणत्याही जाचाने सातेरी वसाहत घर सोडून जाण्याच्या तयारीला लागते. निघण्यापूर्वी राणी अंडी घालणे थांबवते, असलेली पिल्ले बाहेर पडेपर्यंत माश्या थांबतात, मध खाऊन संपवतात आणि एका उघडिपीच्या दिवशी सगळ्या मिळून उठतात. अशी पेटी आदल्या आठवड्यात उघडली तर ती राणीविना वाटते; वस्तुतः राणी आत असते आणि प्रवासाच्या तयारीत असते.

राणी खरोखरच नाही, ही चौथी शक्यता. पेटी हाताळताना ती चेंगरली असेल, गवतात पडली असेल, मीलनाच्या उड्डाणात वेड्या राघूने टिपली असेल. हे घडते, नाही असे नाही. परंतु चारही अवस्थांत झाकण उघडणाऱ्याला समोर दिसते ते एकच, अंडी नसलेले पोळे, आणि चारही अवस्थांचे उपाय वेगवेगळे आहेत. टंचाईच्या पेटीला साखरेचा पाक हवा, कुमारी राणीच्या पेटीला निवांतपणा हवा, उठू पाहणाऱ्या वसाहतीचा जाच दूर करायला हवा आणि खरोखर राणीविना असलेल्या वसाहतीला अंडी-अळ्या किंवा दुसऱ्या वसाहतीची जोड हवी. एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर नुकसान ठरलेले.

म्हणून आधी नीट पाहायला शिकले पाहिजे, आणि पाहायचे आहे ते अंडे. पावसाळी अंधुक उजेडात जुन्या काळपट पोळ्याच्या घरातले (षटकोनी खणातले) अंडे दिसणे अवघड असते, हे मान्य. फ्रेम पेटीच्या वरच धरावी, म्हणजे राणी असलीच तर ती पेटीत पडेल. पाठ उजेडाकडे करून खांद्यावरून येणारा प्रकाश घराच्या तळापर्यंत पोहोचेल अशी फ्रेम कलती करावी, आणि आभाळ भरलेले असेल तर मोबाइलचा दिवा वापरावा. अंडे म्हणजे तळाला टेकवलेली एक पांढरी, किंचित वाकडी, दोऱ्याच्या तुकड्याएवढी काडी. पहिल्या दिवशी ती उभी असते, पुढे कलत जाते आणि तिसऱ्या दिवशी तळावर आडवी होते. त्यानंतर बाहेर आलेली अळी इतकी लहान असते की तिच्याआधी तिच्याभोवतीच्या दुधाळ खाद्याची चमकच नजरेत भरते. हे एकदा नीट पाहिले की पुन्हा विसरत नाही.

अंडी दिसली नाहीत तरी पोळे बरेच काही सांगते. सातेरी कामकरी माशीचे अंडे ३ दिवस, उघडी अळी साधारण ५ दिवस आणि त्यानंतर झाकलेला कोष ११-१२ दिवस राहतो. तेव्हा पोळ्यात लहान-मोठ्या उघड्या अळ्या असतील तर आठवड्यापूर्वीपर्यंत राणी नक्की होती. उघडी अळी एकही नाही, पण झाकलेले कोष भरपूर आहेत, याचा अर्थ तिचे काम थांबून आठवडा ते तीन आठवडे झाले. कोषही नसतील तर त्याहून अधिक काळ लोटला. राणीघरे, म्हणजे नवी राणी वाढवण्यासाठी माश्या बांधतात ती मोठी घरे, कुठे आहेत हेही पाहावे. पोळ्याच्या खालच्या कडेला लोंबणारी अनेक राणीघरे बहुधा वसाहत फुटल्याची खूण असते; पोळ्याच्या मधोमध, कामकरी माशीच्या साध्या घराला वाढवून खाली वळवलेली राणीघरे म्हणजे राणी अचानक नाहीशी झाल्यावर माश्यांनी केलेली तातडीची सोय. राणीघराचे टोक झाकणासारखे गोल कापलेले असेल तर तिथून राणी बाहेर पडली आहे. बाजूने फाडलेले असेल तर आतली राणी मारली गेली आहे. टोक गोल कापलेले राणीघर दिसताच पेटी अलगद बंद करावी आणि दोन-तीन आठवडे पिलांच्या कप्प्याला हात लावू नये, तिची जागाही हलवू नये. मीलनाहून परतणारी राणी आपली जागा ओळखून येते, आणि पेटी पडवीच्या या टोकावरून त्या टोकाला नेली तरी ती चुकू शकते.

आणखी एक बारकावा सांगते. पिलांच्या जागी मधोमध असलेली रिकामी घरे आतून घासूनपुसून चकचकीत केलेली आहेत आणि मध व पराग त्यांच्या कडेने ठेवलेला आहे, असे दिसले तर माश्या कोणाची तरी वाट पाहत आहेत. अशा पेटीत बहुधा कुमारी राणी असते. याउलट पिलांच्या जागेतच मनाला येईल तसा मध आणि पराग भरला जात असेल तर शंका बळावते.

लोक ज्या खुणांवर अधिक विश्वास ठेवतात त्या मला तितक्या भरवशाच्या वाटत नाहीत. झाकण उघडताच माश्या लांब, दाटलेला आवाज करतात, चिडक्या होतात, दाराशी सैरभैर फिरतात, म्हणजे राणी नाही, असे सांगितले जाते. राणी नसताना असे होते हे खरे; परंतु दमट, कोंदट हवेत, पाऊस तोंडावर आला असताना, किंवा गांधीलमाशी दाराशी घिरट्या घालत असताना राणी असलेली वसाहतही तशीच वागते. पराग येणे बंद झाले की राणी गेली, हेही पूर्ण खरे नाही, कारण राणीविना वसाहतीतही माश्या पराग आणत राहतात आणि खाणारी पिल्ले नसल्यामुळे तो उलट साठलेला दिसतो.

मग खात्री करायची कशी? उपाय सोपा आहे आणि जुना आहे. माश्यांनाच विचारायचे. दुसऱ्या निरोगी पेटीतील, अंडी आणि अगदी कोवळ्या अळ्या असलेली एक फ्रेम संशयित पेटीच्या मध्यभागी द्यायची आणि दोन-तीन दिवसांनी ती पाहायची. साध्या कामकरी अळीपासून माश्या राणी वाढवू शकतात, हे जर्मनीतील शिराख नावाच्या पाद्र्याने अठराव्या शतकातच दाखवून दिले होते. त्याच गुणाचा हा उपयोग. पेटीत राणी नसेल तर तिच्या गंधाचा अभाव माश्यांना जाणवलेलाच असतो, आणि दिलेल्या फ्रेमेवरच्या दोन-चार घरांच्या कडा त्या रुंद करून खाली वळवू लागतात. तशी राणीघरे सुरू झाली की राणी नाही, हे जवळजवळ निश्चित. सुरू झाली नाहीत आणि अळ्या मात्र व्यवस्थित पाजल्या जात आहेत, तर आत राणी आहे : दमलेली, कुमारी किंवा उपाशी, पण आहे. ही फ्रेम देण्यात तोटा कसलाच नाही. राणी असेल तर वसाहतीला नव्या कामकरी माश्या मिळतात, नसेल तर नवी राणी घडवायला कच्चा माल मिळतो, आणि वसाहत उठून जाण्याच्या बेतात असेल तर उघड्या पिल्लांमुळे ती बरेचदा थांबते.

फ्रेम देताना मात्र काळजी हवी. ज्या पेटीतून ती काढायची तिच्यातील राणी आधी डोळ्यांनी पाहून घ्यावी, किंवा फ्रेमेवरील सगळ्या माश्या मऊ ब्रशने अथवा गवताच्या काडीने तिच्याच पेटीत परत उतरवाव्यात. एरवी एका पेटीचा संशय फेडताना दुसरी पेटी खरोखर राणीविना व्हायची. देणाऱ्या पेटीत रोग नसावा. थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने १९९० च्या दशकात दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर नष्ट केल्या, आणि रोगट फ्रेमांची अशी देवाणघेवाण म्हणजे तो रोग घरोघर पोहोचवणे होय. झाकण्याच्या वयाच्या अळ्या घरात ताठ पडून मेलेल्या, पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या दिसत असतील तर त्या पेटीतून काहीही घेऊ नये. फ्रेम नेताना ती ओलसर कोमट कापडात गुंडाळून, रिकाम्या पेटीत किंवा खोक्यात झाकून, पावसाचा थेंब लागू न देता आणि रस्त्यात कुठेही न थांबता न्यावी. अळ्या गारठल्या किंवा सुकल्या तर परीक्षाच खोटी ठरते.

आमच्या वाडीतील एका काकांच्या पेटीचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. श्रावणात त्यांच्या पेटीत अंडे नव्हते, कोष नव्हता, माश्या चिडलेल्या होत्या आणि जांभ्याच्या गडग्यातील एक रानटी वसाहत काढून तिची राणी आणण्याची त्यांची तयारी झालेली होती. त्याआधी माझ्या पेटीतील एक फ्रेम त्यांनी लावून पाहावी, असे मी सुचवले. ठरल्याप्रमाणे ती आम्ही मिळून पाहिली, तेव्हा अळ्यांच्या घरांत खाद्याची चकाकी होती, मोठ्या झालेल्या अळ्यांवर मेणाची झाकणे चढू लागली होती, आणि राणीघराचा कुठे मागमूस नव्हता. काकांना ते पटायला वेळ लागला. परंतु त्यांनी पेटी बंद ठेवली, सायंकाळी थोडा थोडा पाक दिला आणि स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी राहील एवढे पाहिले. नारळी पौर्णिमेच्या सुमारास ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला आणि त्यानंतर त्यांच्याच जुन्या पोळ्यात, प्रत्येक घराच्या तळाशी मधोमध एकेक अंडे दिसू लागले. राणी आतच होती, तिला उडायला दुपारच मिळाली नव्हती. गडग्यातील ती वसाहत त्या दिवशी काढली असती आणि तिची राणी या पेटीत सोडली असती, तर माश्यांनी तिला गराडा घालून मारले असते, गडग्यातील वसाहत भर पावसात बिनराणीची झाली असती आणि काकांच्या हाती काहीच आले नसते.

रानटी वसाहत मोडून राणी आणण्याची ही पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते आणि मला ती मनापासून चुकीची वाटते. गडग्यातली, वारुळातली, झाडाच्या ढोलीतली सातेरी ही आपल्या सगळ्यांच्या पेट्यांची मूळ पुंजी आहे. तिथूनच पेट्या भरल्या जातात आणि तिथलेच नर आपल्या कुमारी राण्यांना फलित करतात. एका संशयासाठी ती खर्ची घालणे कोणालाच परवडणारे नाही.

आता परीक्षेतून राणी नाही असे सिद्ध झाले, तर पुढे काय करायचे ते दिवस पाहून ठरवावे लागते, आणि कोकणापुरता माझा आग्रह असा की पुनर्वसू-पुष्यात राणीविना झालेल्या लहान वसाहतीला स्वतःची राणी वाढवायला लावू नये. राणी जन्माला येईल, पण तिला उडायला कोरडी दुपार मिळेलच असे नाही आणि त्या दिवसांत नरही दुर्मीळ असतात, कारण टंचाईत कामकरी माश्या नरांना पोसत नाहीत, पेटीबाहेर हाकलतात. वेळेत मीलन न झालेली राणी पुढे अंडी घालते तीही अफलित, आणि अफलित अंड्यांतून केवळ नर निपजतात. अशा वेळी ती वसाहत राणी असलेल्या दुसऱ्या पेटीला जोडणे शहाणपणाचे. सायंकाळी, माश्या परतल्यावर, राणी असलेल्या पेटीच्या पिलांच्या कप्प्यावर वर्तमानपत्राचा एक कागद पसरावा, त्याला टाचणीने चार-दोन भोके पाडावीत आणि वर राणीविना वसाहतीचा कप्पा ठेवावा. कागद कुरतडून होईपर्यंत दोन्हींचा गंध एक होतो आणि मारामारी टळते. उत्तरा-हस्त उजाडल्यावर, सड्यावर तेरडा आणि शेतात कारळा फुललेला असताना, पेट्यांमध्ये नरांची घरे दिसू लागली असतील तर मात्र वसाहतीला राणी वाढवू द्यावी. नरांची घरे ओळखणे कठीण नाही : सातेरीत त्यांची झाकणे फुगीर, टोकदार असतात आणि मध्ये सुईने टोचल्यासारखे बारीक छिद्र असते.

फार उशीर झाला तर काय होते, तेही सांगितले पाहिजे. राणी नाही आणि उघडी पिल्लेही नाहीत, अशी स्थिती लांबली की काही कामकरी माश्याच अंडी घालू लागतात, आणि सातेरीत ही वेळ युरोपीय मेलिफेरा माशीपेक्षा लवकर येते. त्यांचे पोट आखूड असल्यामुळे अंडे घराच्या तळापर्यंत न पोहोचता भिंतीला चिकटते; एकेका घरात दोन, तीन, कधी त्याहून अधिक अंडी दिसतात, आणि पुढे कामकरी माशीच्या लहान घरांवर नरांची फुगीर झाकणे विखुरलेली आढळतात. नवी राणीही सुरुवातीचे काही दिवस कधीकधी एका घरात दोन अंडी घालते, तेव्हा दोन अंडी दिसली म्हणून लगेच घाबरू नये. ती तळाशी आहेत की भिंतीला, हे पाहावे. कामकरी माश्या अंडी घालू लागलेली वसाहत नवी राणी सहसा स्वीकारत नाही. पेटीत माश्या पुरेशा असतील तर दर आठवड्याला एक याप्रमाणे उघड्या अळ्यांच्या फ्रेमा देत राहावे, कारण अळ्यांच्या गंधाने कामकरी माश्यांचे अंडी घालणे दबते आणि यथावकाश त्या राणीघर बांधायला घेतात. माश्या थोड्या असतील तर ती वसाहत बलवान पेटीत मिसळून टाकणे हेच व्यवहार्य.

महोदय, वरच्या सगळ्या विवेचनात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि माझ्या पत्राचे खरे कारण तेच आहे. परीक्षेसाठी फ्रेम हवी असेल तर दुसरी पेटी हवी. ज्याच्याकडे एकच पेटी आहे, त्याला हे सर्व ज्ञान असूनही काही करता येत नाही. विकत आणावी म्हटले तर फलित झालेली सातेरी राणी आपल्याकडे बाजारात सहजासहजी मिळत नाही, आणि मेलिफेराची राणी सातेरीच्या पेटीत चालत नाही. तरीही अधिकाधिक नावे यादीत यावीत म्हणून एका घरी एक, अशी पेट्यांची वाटणी पुष्कळ ठिकाणी होताना मी पाहते. पन्नास घरांत पन्नास पेट्या देण्यापेक्षा पंचवीस घरांत दोन-दोन दिल्या, तर दसऱ्याला अधिक पेट्या जिवंत सापडतील, असे मी अनुभवाने खात्रीपूर्वक म्हणते. दोन पेट्या असल्या की एकीचे दुखणे दुसरी सांगते, आणि वेळ आली तर दोन्हींची एक करून निदान एक तरी वाचवता येते.

फ्रेमांच्या मापाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे आणि त्याकडे कोणाचेच लक्ष दिसत नाही. सातेरीसाठी भारतीय मानकातील ‘ए’ प्रकारची पेटी लहान आणि ‘बी’ प्रकारची मोठी; त्यात भर म्हणून प्रत्येक सुतार आपापल्या हाताने थोडा फरक करतो. परिणामी शेजाऱ्याने मोठ्या मनाने फ्रेम देऊ केली तरी ती पेटीत बसत नाही, आणि पोळे कापून दोऱ्याने बांधत बसावे लागते, ज्यात कोवळ्या अळ्या हमखास दुखावतात. एका गावात, शक्य असेल तर एका तालुक्यात, एकाच मापाच्या पेट्या दिल्या गेल्या पाहिजेत आणि पेटी स्वीकारताना फ्रेम अदलाबदल करून तपासली गेली पाहिजे.

वाटपाच्या वेळेचाही विचार व्हावा. २० मे हा जागतिक मधमाशी दिन असल्यामुळे त्या सुमारास कार्यक्रम घेण्याचा मोह समजू शकतो, परंतु आमच्या किनाऱ्यावर त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत पाऊस सुरू होतो आणि नवशिक्याच्या हाती नवी वसाहत नेमकी टंचाईच्या तोंडावर पडते. तीच वसाहत ऑक्टोबरच्या अखेरीस दिली, तर पुढे काजू-आंब्याचा मोहोर, मग जांभूळ आणि करंज, असे सहा-सात महिने त्याला माश्यांबरोबर शिकायला मिळतील आणि पहिला पावसाळा येईपर्यंत अंडे कसे दिसते हे त्याला सांगावे लागणार नाही. मेच्या कार्यक्रमात प्रशिक्षण ठेवावे, पेट्या ठेवू नयेत.

प्रशिक्षणाबाबत विनंती एवढीच की ते हंगामातील दोन दिवसांवर थांबू नये. महाबळेश्वरचे मध संचालनालय, १९६२ पासून पुण्यात कार्यरत असलेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ यांच्याकडे या विषयाचे ज्ञान आहे. त्यांनी श्रावणातल्या उघडिपीत, प्रत्येक तालुक्यात एखाद्या अनुभवी मधपाळाच्या अंगणात, अर्ध्या दिवसाचे शिबिर घ्यावे आणि तिथे व्याख्यान न देता अंडी नसलेली पेटी उघडून दाखवावी. अशा मधपाळाकडे तीन-चार जादा वसाहती पावसाळाभर पाकावर सांभाळण्यासाठी मदत दिली, तर परिसरातील कोणालाही जून ते सप्टेंबर या काळात अंडी-अळ्यांची एक निरोगी फ्रेम हक्काने मागता येईल. त्यासाठी लागणारा साखरेचा खर्च, दरवर्षी रिकाम्या होणाऱ्या पेट्या पुन्हा भरण्याच्या खर्चापुढे अगदी किरकोळ आहे.

पुढील वाटपाच्या याद्या तयार होण्यापूर्वी या सूचनांचा विचार व्हावा, म्हणून हे पत्र आपल्या दैनिकातून प्रसिद्ध करावे, ही विनंती. आमच्या परिसरात ज्यांना पेटीबद्दल शंका आहे त्यांना फ्रेम देण्यास आम्ही काही मधपाळ तयार आहोत. येताना आपल्या पेटीच्या फ्रेमेचे माप तेवढे लिहून आणावे.

आपली विश्वासू,
एक मधपाळ,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग